पाहुण्यांच्या पंगतीला सारं शहर

कॅनडाच्या नकाशावर साधारण मधोमध बोट ठेवलं तर ते विनिपेगच्या आसपास पडतं. नजर पोचेल तिथवर सपाट माळ, दोन नद्यांचा संगम, आणि जानेवारीत उणे तीस अंशांखाली घसरणारा पारा. खुद्द कॅनडातले लोक चेष्टेने या शहराला ‘विंटरपेग’ म्हणतात. आपलं गाव, आपली भाषा सोडून कुणी इथे येऊन राहावं असं वरवर पाहता काहीच नाही. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसात लाखांच्या घरात भरली. म्हणजे २०११ च्या नाशिकच्या जवळपास निम्मी.

पण ऑगस्टचे पहिले दोन आठवडे या शहरात जे चालतं, ते वाचल्यावर आपण पुन्हा नकाशा उघडून बसतो. शाळांच्या जिम, चर्चची सभागृहं, वस्त्यांमधली कम्युनिटी सेंटर, उन्हाळ्यात बर्फ काढलेली हॉकीची बंदिस्त मैदानं, अशा डझनावारी ठिकाणी डझनावारी ‘देश’ उभे राहतात. आपल्याकडे लोक रात्री एका मंडळाचा गणपती पाहून दुसऱ्याकडे सरकतात, तसे विनिपेगकर एकाच संध्याकाळी आधी चिलीत जातात, मग स्कॉटलंडमध्ये, आणि पोटात जागा उरली असेल तर फिलिपिन्समध्ये. या उत्सवाचं नाव फोकलोरामा. तो १९७० मध्ये सुरू झाला, २०१९ मध्ये त्याने पन्नाशी गाठली, आणि असा जगातला सर्वांत मोठा व सर्वांत जुना सलग उत्सव आपलाच, असं आयोजक अभिमानाने सांगतात. दरवर्षी वीस हजारांच्या आसपास स्वयंसेवक राबतात, असा आकडाही तेच देतात. साडेसात लाखांच्या शहरात वीस हजार! दर सदतीस-अडतीस माणसांमागे एकजण या पंधरवड्यात कुठे ना कुठे बिनपगारी कामाला जुंपलेला.

मला यातलं नवल गर्दीचं वाटत नाही. गर्दी आपण पुष्कळ पाहिली आहे. नवल आहे ते यजमान कोण, याचं. परदेशातून आलेल्यांचं स्वागत म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते असं: गावचे लोक दारात उभे, हातात फुलं किंवा गरम कपडे, आणि समोर बावरलेला पाहुणा. फोकलोरामात हे चित्र उलटं टांगलेलं असतं. दारात उभा असतो तो बाहेरून आलेला. खुर्च्या त्याने मांडलेल्या, जेवण त्याने रांधलेलं, रंगमंच त्याचा. आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेलं शहर तिकीट काढून, रांग लावून, त्याच्या दारात पाहुणं म्हणून उभं.

हे जमतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. यातला प्रत्येक ‘देश’ म्हणजे एक पॅव्हेलियन, आणि ते चालवणं ही त्या त्या समाजाच्या संस्थेची जबाबदारी. तीन गोष्टी मात्र प्रत्येकाकडे असायलाच हव्यात: रंगमंचावरचा कार्यक्रम, खाणंपिणं, आणि आपल्या संस्कृतीची ओळख करून देणारं छोटं प्रदर्शन. कार्यक्रम रोज संध्याकाळी साधारण तीनदा होतो, तोच, तेवढ्याच उत्साहाने. पॅव्हेलियन एक आठवडा चालतं. अर्धे समाज पहिल्या आठवड्यात, अर्धे दुसऱ्या. म्हणजे एका आठवड्यात वीसेक प्रयोग. हौशी नाटकवाल्यांना विचारा, वीस प्रयोग म्हणजे काय असतं ते. त्यात नाचणारी बरीचशी शाळकरी पोरं, आणि त्यांच्या तालमी ऑगस्टमध्ये नव्हे, थंडीतच सुरू झालेल्या. उणे पंचवीसमध्ये मुलाला गाडीत घालून आजोळच्या नाचाच्या वर्गाला नेणारे आईबाप हे या उत्सवाचे खरे भांडवलदार.

आणि स्वयंपाकघर! युक्रेनी पॅव्हेलियनचंच घ्या. पेरोगी हा त्यांचा हुकमी पदार्थ. पीठ लाटायचं, पेल्याने गोल चकत्या कापायच्या, मधे बटाटा आणि चीजचं सारण ठेवायचं, दुमडायचं आणि कडा चिमटीने बंद करत जायचं. एखादी कड उघडी राहिली की उकळत्या पाण्यात सारण सांडतं आणि अख्खं भांडं गढूळ होतं. आठवडाभर रोज येणाऱ्या शेकडो लोकांसाठी ही चिमूट किती वेळा घालावी लागत असेल, त्याचा हिशोब न केलेला बरा. म्हणून कितीतरी दिवस आधीपासून टेबलाभोवती बायका बसतात, करून करून फ्रीझरमध्ये ठेवतात. या टेबलाशी बसायला इंग्रजी यावं लागत नाही. नोकरी नसली तरी चालतं. गेल्या महिन्यात आलेली बाई आणि जिची पणजी शंभर वर्षांपूर्वी आली ती बाई, दोघींच्या चिमटीची परीक्षा एकच.

विनिपेगमध्ये युक्रेनची पॅव्हेलियन दोन आहेत. फिलिपिन्सचीही दोन. एका समाजाची दोन मंडळं का, याचं नवल मराठी वाचकाला तरी वाटू नये!

हे सगळं वाचून विनिपेग हे जन्मजात प्रेमळ शहर असावं असं वाटेल. तसं मुळीच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅनडाला पश्चिमेच्या गवताळ माळावर नांगर धरणारे हात हवे होते आणि रेल्वेने येणारी माणसं विनिपेगच्या स्टेशनवर उतरत होती. युक्रेनी, पोलिश, ज्यू, जर्मन. रुळांच्या उत्तरेला ‘नॉर्थ एंड’ नावाची दाटीवाटीची वस्ती झाली. तिथे ‘ऑल पीपल्स मिशन’ होतं आणि १९०७ ते १९१३ या काळात त्याचे प्रमुख होते जे. एस. वुड्सवर्थ नावाचे मेथडिस्ट पाद्री. इंग्रजीचे वर्ग, बालवाडी, आजाऱ्यांच्या घरी जाणं. आज आपण ज्याला स्वयंसेवा म्हणतो ती सगळी त्यांनी उभी केली. माणूस कळवळ्याचा. पुढे १९१९ च्या विनिपेगमधल्या संपात कामगारांच्या बाजूने उभा राहून तुरुंगात गेला, आणि नंतर कॅनडातल्या एका समाजवादी पक्षाचा पहिला नेता झाला. पण याच माणसाने १९०९ मध्ये ‘स्ट्रेंजर्स विदिन अवर गेट्स’ हे पुस्तक लिहिलं आणि त्यात आलेल्या लोकांची जातवारी लावली. ब्रिटिश आणि स्कॅन्डिनेव्हियन वरच्या पायरीवर, पूर्व युरोपातले खाली, आशियातले तर दारातच नकोसे. ज्यांच्यासाठी दिवसरात्र झिजायचं त्यांनाच उतरंडीत बसवायचं, यात त्यांना विसंगती दिसली नाही. दिसणार कशी? देणारा नेहमी वरून देत होता, घेणारा खालून घेत होता. दोघांनी जागा बदलायची वेळच कधी आली नव्हती.

सरकारचा कळवळा तर तेवढाही नव्हता. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या कागदपत्रांवर आलेले युक्रेनी एका रात्रीत ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरले. १९१४ ते १९२० या काळात कॅनडाने ८,५७९ माणसं छावण्यांमध्ये डांबली, त्यांत बहुसंख्य युक्रेनी. एक छावणी विनिपेगच्या पश्चिमेला, ब्रँडनमध्ये होती. जून १९१९ मध्ये विनिपेगचा सार्वत्रिक संप चिघळला तेव्हा त्याचं खापरही ‘परक्यां’च्या माथ्यावर फुटलं. २१ जूनला घोडेस्वार पोलिसांनी गोळीबार केला, त्यात दोघं गेले. आणि आपल्या लोकांचं म्हणाल तर १९०८ मध्येच नियम झाला होता की मायदेशाहून सलग प्रवास करून येणाऱ्यालाच उतरू द्यायचं. भारतातून कॅनडाला असं सलग येणं जवळपास अशक्यच होतं. दार बंद करायची ही कायदेशीर युक्ती. वंशावर नव्हे तर शिक्षण आणि कौशल्यावर गुण देऊन माणूस निवडायची पद्धत यायला १९६७ साल उजाडावं लागलं.

मग १९७० मध्ये मॅनिटोबा प्रांताला शंभर वर्षं झाली. शताब्दीनिमित्त काहीतरी करायचं म्हणून शहरातल्या समाजांनी आपापल्या सभागृहांची दारं उघडायचं ठरवलं. एकवीस पॅव्हेलियन, एक आठवडा, एकदाच. प्रवेशपत्रिका म्हणून एक ‘पासपोर्ट’ छापला, प्रत्येक दारात शिक्का मारायचा. ज्यांच्या आईवडिलांच्या कागदपत्रांकडे अधिकाऱ्यांनी संशयाने पाहिलं होतं, ते आता दारात बसून शहराच्या पासपोर्टांवर शिक्के मारत होते! हा विनोद त्या वेळी कुणी जाणूनबुजून केला असेल असं वाटत नाही, पण तो जमला आहे. लोकांना उत्सव इतका आवडला की ‘एकदाच’ हा शब्द गळून पडला.

याच्या पुढच्या वर्षी, ८ ऑक्टोबर १९७१ ला, पंतप्रधान पिएर ट्रुडो यांनी संसदेत बहुसांस्कृतिकतेचं धोरण जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी ते विनिपेगला आले आणि युक्रेनी-कॅनेडियन काँग्रेसपुढे त्याच विषयावर बोलले. धोरण उत्सवाहून एका वर्षाने धाकटं आहे, हे मला फार आवडतं. दिल्ली असो वा ओटावा, सरकार अनेकदा लोकांच्या मागून येतं आणि पुढे चालल्यासारखं करतं.

आता प्रश्न असा की, नाच पाहून आणि चार घास खाऊन माणसाच्या मनातली अढी खरंच सुटते का? गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये ‘द नेचर ऑफ प्रेज्युडिस’ या पुस्तकात याचं उत्तर अटींसह दिलं होतं. नुसतं शेजारी-शेजारी राहून पूर्वग्रह जात नाही, कधीकधी वाढतो. दोघांचा दर्जा समान हवा, दोघांना मिळून एकच काम तडीस न्यायचं असावं, त्यात एकमेकांवाचून अडावं, आणि वरून संस्थेचा किंवा कायद्याचा पाठिंबा हवा. वुड्सवर्थ यांच्या मिशनमध्ये यातली पहिलीच अट नव्हती. फोकलोरामाच्या स्वयंपाकघरात चारही आहेत.

ऑलपोर्टच्या म्हणण्याची एक झकास परीक्षा आपल्याच देशात, क्रिकेटच्या मैदानावर झाली. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशातल्या गावांमध्ये १,२६१ तरुण प्रयोगात घेतले आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या क्रिकेटच्या लीग भरवल्या. कुणाच्या संघात सगळे एकाच जातीचे येतील आणि कुणाच्या संघात मिसळलेले, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. जे दुसऱ्या जातीच्या पोरांसोबत एका संघात खेळले, त्यांच्या जातीबाहेरच्या मैत्र्या वाढल्या. ज्यांनी दुसऱ्या जातीच्या पोरांना फक्त समोरच्या संघात पाहिलं, त्यांच्या उलट कमी झाल्या. मैदान तेच, चेंडू तोच, ऊन तेच. फरक फक्त आपण एकाच बाजूला आहोत की समोरासमोर, एवढाच. हा निबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

पण फार हुरळून जायला नको. सल्मा मूसा या संशोधिकेने इराकमध्ये, आयसिसच्या छळातून विस्थापित झालेल्या ख्रिस्ती फुटबॉलपटूंच्या काही संघांत मुस्लिम खेळाडू घालून पाहिले. संघातल्या मुस्लिम सोबत्यांशी त्यांचं वागणं सुधारलं, पुढेही एकत्र सराव चालू राहिला. मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांबद्दल मात्र फारसा फरक पडला नाही. म्हणजे ओळखीच्या माणसापुरती अढी सुटते. त्याच्या अख्ख्या जमातीबद्दलची सुटेलच असं नाही. फोकलोरामाला जाऊन आलेला पाहुणा फक्त प्रेक्षक असतो. टाळ्या वाजवून, खाऊन तो घरी जातो. खरा बदल होत असेल तर तो पडद्यामागे, जे मिळून राबले त्यांच्यात होत असणार. म्हणून मला तिकिटांच्या आकड्यापेक्षा त्या वीस हजारांचा आकडा मोलाचा वाटतो.

याच शहराच्या परिसराने घडवलेली आणखी एक व्यवस्था आहे, आणि ती ऐकून माझा तरी आधी विश्वास बसला नव्हता. कॅनडात निर्वासिताला आणण्याचा अधिकार फक्त सरकारकडे नाही. पाच साधी माणसं एकत्र येऊन, कागदपत्रं आणि पैशांची तजवीज दाखवून, एका निर्वासित कुटुंबाची वर्षभराची जबाबदारी २०२४ पर्यंत घेऊ शकत असत. १९७८ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने ही वाट मोकळी केली आणि मार्च १९७९ मध्ये सरकारशी पहिला करार केला तो मेनोनाइट पंथाच्या मध्यवर्ती समितीने. मेनोनाइट हे शस्त्र न धरणारे ख्रिस्ती. १८७४ पासून रशियन साम्राज्यातून निघून ते मॅनिटोबाच्या माळावर आले होते. शंभर वर्षांपूर्वीचे परागंदा आता व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातून जीव वाचवून निघालेल्यांसाठी सही करत होते. १९७९-८० या दोन वर्षांत कॅनडाने साठ हजार माणसं घेतली, त्यांतली निम्म्याहून अधिक अशा खाजगी गटांनी. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं नान्सेन पदक कुण्या नेत्याला न देता ‘कॅनडाच्या जनतेला’ दिलं गेलं. अलीकडच्या काळात विनिपेगच्या ज्यू समाजाने पुढाकार घेऊन यझिदी कुटुंबांना आणलं. त्या प्रयत्नाचं नाव ऑपरेशन एझ्रा.

या ‘जबाबदारी’चा तपशील मोठा घरगुती असतो. विमानतळावर जाडजूड कोट घेऊन उभं राहायचं, मापाचा अंदाज बांधून. भाड्याचं घर, बँकेत खातं, मुलांची शाळा, डॉक्टर. बस कुठून पकडायची. आणि विनिपेगमध्ये हेही सांगायचं की थंडीत गाडीतून एक वायर बाहेर काढून ती रात्री विजेच्या प्लगला जोडून ठेवायची, नाहीतर सकाळी इंजिन हूं की चूं करणार नाही. दमास्कसहून आलेल्या माणसाला हे कुठल्या पुस्तिकेतून कळणार?

तरीही यात वुड्सवर्थ यांच्या काळची ती जुनी पायरी थोडी उरतेच. वर्षभर एक बाजू देणारी, दुसरी घेणारी. कुणाच्या भाजीच्या पिशवीत काय आलं, यावरही प्रेमळ लक्ष. बारा महिने संपले की मदत थांबते आणि ‘तेरावा महिना’ येतो. या कामातले लोक हा शब्द काळजीच्या सुरात उच्चारतात. अशा कुटुंबातली मुलगी ऑगस्टमध्ये एखाद्या पॅव्हेलियनच्या दारात शिक्का घेऊन बसते आणि तिला आणणाऱ्या पाचांपैकी एकजण समोर रांगेत उभा असतो, तेव्हा कुणी कुणाचे आभार मानायचे याचा गोंधळ होतो. तो गोंधळ आरोग्याला चांगला.

टीका करणारेही आहेत आणि त्यांचं ऐकायला हवं. व्ही. एस. नायपॉल यांचे भाचे, त्रिनिदादहून कॅनडात आलेले कादंबरीकार नील बिसूनदत, यांनी १९९४ मध्ये ‘सेलिंग इल्यूजन्स’ हे पुस्तक लिहून या सगळ्या प्रकाराला धारेवर धरलं. त्यांचा आक्षेप थोडक्यात असा: संस्कृती म्हणजे पोशाख, नाच आणि खाद्यपदार्थ असा समज करून तुम्ही माणसाला त्याच्या आजोबांच्या गावाच्या खेळण्यात बंद करता. आक्षेपात दम आहे. फोकलोरामात कुणाची परदेशी पदवी मान्य होत नाही. मायदेशी डॉक्टर असलेला माणूस उत्सव संपल्यावर पुन्हा टॅक्सीच चालवतो. आणि सर्वांत अवघड खुर्ची आहे मूळनिवासींची. कॅनडातल्या शहरांपैकी सर्वाधिक मूळनिवासी विनिपेगमध्ये राहतात. त्यांच्याशी १८७१ मध्ये झालेला ‘करार क्रमांक एक’ याच परिसरातल्या जमिनीचा. त्यांचंही पॅव्हेलियन असतं, इतरांच्या रांगेत. ज्यांच्या घरी सगळेच पाहुणे, त्यांनी अनेकांतला एक यजमान व्हायचं!

आपल्या मराठी मंडळींचं काय? उत्तर अमेरिकेत १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं, १९८४ मध्ये शिकागोला पहिलं अधिवेशन झालं, आणि गावोगावच्या मंडळांचे गणपती, नाटकं, दिवाळी अंक, मराठी शाळा हे स्वयंसेवकांच्या कष्टांवर आजही उभे आहेत. त्या कष्टांना तोड नाही. पण ती पंगत प्रामुख्याने आपली आपल्यासाठी. शेजारच्या फिलिपिनो कुटुंबाने तिकीट काढून यावं, सहावारी-नऊवारीतला फरक विचारावा, आणि उकडीचे मोदक वळायला एखाद्या सोमाली पोरीने हात लावावा, असं आपल्या मंडळात किती वेळा घडतं? मला वाटतं, परदेशातल्या मराठी माणसाला गाणं-नाटक छान जमलं, यजमानपद थोडं राहिलं.

फोकलोरामाच्या यंत्राला इंधन लागतं ते फक्त माणसांच्या मोकळ्या संध्याकाळींचं, आणि तिथेच ते अडतंही. कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्ये सभागृहं बंद राहिली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये उत्सव परतला तेव्हा पॅव्हेलियनची संख्या बरीच रोडावलेली होती. ज्यांच्या हातात पेरोगीची चिमूट होती त्यांतल्या अनेकींचं वय झालं, आणि मधल्या दोन वर्षांत तालमीची साखळीही तुटली. त्याच वर्षीच्या वसंतात कॅनडाने युद्धातून निघालेल्या युक्रेनी लोकांसाठी खास परवाने सुरू केले होते आणि मॅनिटोबा सरकारने विनिपेगच्या विमानतळाजवळच्या हॉटेलात त्यांच्यासाठी स्वागतकेंद्र उघडलं होतं. इंग्रजी बेताचं, नोकरीचा पत्ता नाही. पण पेरोगी वळता येणारे हात त्यांच्याकडे भरपूर होते.